एका सालचे पाहुणे

तेरेकबेलमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल कुणी जन्माला येत नाही. मुलं होतात, पण ती इथं होत नाहीत. गावात दवाखाना नाही, म्हणून घाट बंद व्हायच्या आत, ऑक्टोबर सरता सरता, ज्या बायकांचे दिवस हिवाळ्यात भरायचे असतात त्या सगळ्या एका ट्रकमध्ये गाद्या टाकून खाली ओश शहरात जातात. कुणी मावशीकडे, कुणी नणंदेकडे, कुणी नवऱ्याच्या लष्करातल्या मित्राच्या बायकोकडे. मे महिन्यात घाटातलं बर्फ कापलं की बाळं घेऊन वर येतात. बाप आपल्या पोराला पहिल्यांदा बघतो तेव्हा ते चार-पाच महिन्यांचं झालेलं असतं, आणि समोरच्या परक्या दाढीवाल्याला बघून टाहो फोडतं. ट्रकच्या पायरीशी हात पुढे करून उभे राहिलेले बाप आणि आईच्या मानेत तोंड खुपसणारी पोरं, हे दर वर्षीचं आहे. गावात त्याला कुणी दुःख म्हणत नाही. अशा मुलांना ‘मेची पोरं’ म्हणतात, एवढंच.

बुरूलकान गावाची प्रमुख. त्याआधी वीस वर्षं ती टपाल कचेरीत होती, अक्षर चांगलं, म्हणून जन्मांची वहीही तिच्याच कपाटात आली. त्या वहीत तीस-एकतीस वर्षांत जानेवारीखाली एकच नोंद आहे : जिपार, मुलगी. ती बुरूलकानचीच. त्या वर्षी घाट ऐन ऑक्टोबरच्या मध्यालाच मिटला आणि ट्रक निघालाच नाही. त्या दिवशी मुली दोन झाल्या होत्या. वहीत नाव एकीचं आहे.

त्यामुळे रेल्वेची गोष्ट निघाली तेव्हा गावाला एकच हवं होतं. गाडी थांबली पाहिजे. ती कुणाच्या पैशानं येते, कुठून निघून कुठं जाते, तिच्यातून कापूस जातो की तांबं, याच्याशी तेरेकबेलला काही देणंघेणं नव्हतं. पण थांबायची की नाही हे बाकीच्या सगळ्यावर अवलंबून आहे असं निघालं, आणि मग बुरूलकानला ते बाकीचं शिकून घ्यावं लागलं.

शिकवलं मिर्लाननं. हा राजधानीतला, बिश्केकचा, परराष्ट्र खात्यात पाहुण्यांच्या सरबराईचं काम बघणारा, पस्तिशीचा, सदा घाईत. दोन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा नकाशा घेऊन आला तेव्हा बुरूलकाननं त्याला चहा दिला आणि विचारलं, ‘‘भांडण नेमकं कशाचं आहे रे?’’

त्यानं उजव्या हाताची चार बोटं जुळवून टेबलावर ठेवली.

‘‘एवढ्याचं, एजे.’’ थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला पहिल्या दिवसापासून एजे म्हणायचा. ‘‘चीनच्या रुळांमधलं अंतर आपल्यापेक्षा एवढं कमी. पैसे चीनची बँक देणार, तर ती म्हणते रूळ आमच्या मापाचे. आणि आपल्याकडचे सगळे जुने रूळ मॉस्कोच्या मापाचे. ते म्हणतात, मधेच माप बदललंत तर आमच्या गाड्या जायच्या कुठून?’’

‘‘चार बोटांवरून दोन मोठी राज्यं भांडतायत?’’

‘‘बोटं नुसती दाखवायला, एजे. ज्याचं माप त्याचा माल, ज्याचा माल त्याचा शब्द.’’

मग त्यानं आणखी एक सांगितलं आणि ते बुरूलकाननं मनात गाठ मारून ठेवलं. दोन्ही मापं जिथं भेटतील तिथं प्रत्येक डबा उचलून खालची चाकं बदलावी लागतात. त्याला सहा सहा तास लागतात. तिथं मोठं स्टेशन लागतं, कामगार लागतात, त्यांची घरं, शाळा, दवाखाना. आणि मधल्या सगळ्या वाटेवर तेवढी सपाट जागा एकाच ठिकाणी होती : तेरेकबेलच्या पूर्वेला, जुन्या भरावापाशी. सोव्हिएत काळात इथून रेल्वे न्यायचं ठरलं होतं. सात किलोमीटर माती टाकून झाली आणि देशच फुटला. तो भराव अजून आहे. त्यावर मेंढ्या बसतात. वर वारा असतो, माश्या कमी लागतात.

म्हणजे हिशेब सोपा होता. दोघांचं जमलं आणि सगळीकडे एकच माप आलं, मग ते कुणाचंही असो, तर गाडी तेरेकबेलवरून शिट्टी वाजवत निघून जाणार. नाही जमलं, पण पूर्ण मोडलंही नाही, तर ती इथं थांबणार.

‘‘म्हणजे तुम्ही भांडण मिटवायला पगार घेता,’’ बुरूलकान म्हणाली, ‘‘आणि आम्ही ते मिटू नये म्हणून दुवा मागायची.’’

‘‘माझ्यादेखत मागू नका,’’ मिर्लान म्हणाला आणि त्यानं चहाचा दुसरा वाडगा पुढे केला.

त्यानंतर दोन वर्षं बैठका होत राहिल्या. कधी ताश्कंदला, जिथं ही वाट पोचणार होती, कधी बीजिंगला. मिर्लान अधूनमधून यायचा, मोजणीवाल्यांना घेऊन यायचा, आणि दर वेळी बुरूलकान विचारायची, ‘‘जमलं?’’ तो म्हणायचा, ‘‘नाही.’’ ती त्याला जास्त साय घालून चहा द्यायची.

सप्टेंबरात तो एक दिवस आधी आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, पण चालण्यात लग्नघरातल्या मुलाची लगबग.

‘‘जमलं, एजे. चीनचं माप, सरहद्दीपासून सरहद्दीपर्यंत. त्याबदल्यात बोगदे आणि सिग्नलचं काम मॉस्कोला. उद्या सगळे इथं येतायत. जागा बघतील, तुमच्या कुरणावर जेवतील, आणि जेवणानंतर तंबूतच घोषणा. टीव्हीवालेही असतील. सह्या नंतर.’’

‘‘मग आमच्याकडे थांबणार नाही.’’

मिर्लानची लगबग जरा थांबली. ‘‘थांबायला कारणच उरत नाही. छोटा थांबा तरी ठेवा म्हणून मी सांगून बघितलं. बँकेनं खर्च कमी करताना पहिल्यांदा तेच काढलं.’’

‘‘बरं,’’ बुरूलकान म्हणाली. ‘‘मेंढ्या किती लागतील?’’

चार मेंढ्या धरल्या गेल्या. जिपार पीठ मळायला बसली. तिला पाचवा महिना होता. म्हणजे जानेवारी, म्हणजे ट्रक. तिचा नवरा अंगणात त्याच ट्रकच्या फळ्या ठोकत होता आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी, कढया चढल्यावर निघाली. मिर्लाननं यादी आणली होती. कोण कुठं बसणार, कुणाला मेंढीचा कुठला तुकडा जाणार. किर्गिझ दस्तरखानावर, म्हणजे जेवायला अंथरलेल्या चादरीवर, हाडाशिवाय माणूस नाही. प्रत्येकाच्या वयाचं, मानाचं हाड ठरलेलं असतं, आणि ते चुकलं तर सोयरिकी मोडतात. बुरूलकाननं मोडताना पाहिल्या होत्या, दोन तर जोडूनही दिल्या होत्या.

वाटप ओमुराली आकेंकडे; आके म्हणजे वडीलधारे. वय ब्याऐंशी, दात चार, पण गावात सुरी तेच चालवायचे. त्यांनी यादी डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

‘‘हे काय? डोकं एक, डोकं दोन, डोकं तीन?’’

‘‘तिघांना तीन, आके,’’ मिर्लान म्हणाला. ‘‘ताश्कंदच्या इस्कंदर साहेबांना एक, बीजिंगच्या फान साहेबांना एक, मॉस्कोच्या आर्कादी फोमिचना एक. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको.’’

‘‘एका दस्तरखानावर तीन मुंडकी? जेवायला बोलावलंयस की खाटीकखाना दाखवायला?’’

‘‘आमच्या मूळ गावी, तलासकडे, डोकं सगळ्यांत मानाचं असतं.’’

‘‘तुमच्याकडे वरून खाली खातात. आमच्याकडे बुडापासून सुरुवात. पहिलं कमरेचं हाड, ते सगळ्यांत वडीलधाऱ्याला. डोकं दुसरं. आणि तंबूत शंभर माणसं असोत, मानाची हाडं एकाच मेंढीची. नाहीतर मान कसला? प्रत्येकाला नवरदेव केलं तर नवरी कुणाला द्यायची?’’

मिर्लाननं बुरूलकानकडे पाहिलं. ती बोरसोक तळत होती. पिठाचे चौकोनी तुकडे तेलात फुगून वर येत होते.

‘‘त्यांचं बरोबर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘गाव बघत असणार. चुकीचं वाढलं तर टीव्हीवर दिसेल आणि तीन खोरी हसतील.’’

‘‘ठीक. मग कमरेचं हाड इस्कंदर साहेबांना. सहासष्ट वर्षांचे आहेत, वादच नाही.’’ मिर्लान कढईजवळ उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘पण डोकं? पैसा फान साहेबांचा आहे. त्यांच्याआधी आर्कादी फोमिचना गेलं तर दुपार संपली समजा. आणि उलटं केलं तर तिकडची दुपार संपली. एजे, काल सहीत कुणाचं नाव वर यावं यावर चार तास गेले. शेवटी कागद दोन केले.’’

‘‘डोक्याचे दोन करता येत नाहीत,’’ ओमुराली आके म्हणाले. ‘‘साल विचारायचं आणि जो मोठा त्याला द्यायचं. त्यात रडायचं काय?’’ आणि ते सुरी घासायला निघून गेले.

मिर्लाननं यादी तिथंच पिठाच्या परातीशेजारी ठेवली. बुरूलकाननं हात पुसले आणि ती वाचली. टपालातल्या माणसाची नजर आधी तारखांवर जाते. इस्कंदर साहेब, जन्म बावन्नचा. फान साहेब, जून एकोणसाठ. आर्कादी फोमिच, जानेवारी एकोणसाठ.

तिनं यादी घडी करून परत दिली. कढईतले बोरसोक काळे पडायला लागले होते.

दोघं एकाच सालचे. म्हणजे साल विचारून सुटणार नाही. म्हातारा महिना विचारणार, आणि जानेवारी जूनच्या आधी येतो. डोकं मॉस्कोला जाणार, पैसेवाला मागे राहणार, तेही टीव्हीसमोर. कुणालाही बोट दाखवता येणार नाही, कारण रीत ती रीत. तिनं तोंड मिटून पीठ मळलं असतं तरी पुरलं असतं. स्टेशन आपोआप उभं राहिलं असतं.

पाहुणे अकराला आले. आधी भरावावर गेले. फान साहेब सडपातळ, पांढऱ्या बुटांचे, भरावाच्या कडेनं एकटेच शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले. आर्कादी फोमिच अंगानं भरलेले, तरुणपणी नारिनकडे दगड शोधणाऱ्या सरकारी तुकडीत होते, त्यामुळे थोडं किर्गिझ बोलायचे आणि बोलताना आपलीच पाठ थोपटल्यासारखे हसायचे. इस्कंदर साहेब गाडीतून उतरल्यापासून कुरणातल्या घोड्यांकडे बघत होते.

लोकरीच्या नमद्याच्या तंबूत दारासमोरच्या मानाच्या जागेवर तिघांना बसवलं. आंबवलेलं घोडीचं दूध फिरलं. फान साहेबांनी एक घोट घेतला आणि वाडगा खाली न ठेवता हातातच धरून ठेवला. पुन्हा भरू नये म्हणून. बुरूलकानला ते दिसलं आणि तिनं त्यांच्यापुढे मुकाट्यानं चहा सरकवला. त्यांनी मान लववली. मिर्लान दारापाशी उभा होता. तो सकाळपासून बसलाच नव्हता.

ताट आलं. ओमुराली आकेंनी बाह्या सारल्या.

‘‘बुरूल, पाहुण्यांना सालं विचार.’’

इस्कंदर साहेबांनी हात वर केला. ‘‘मला विचारू नका. इथं माझ्याहून म्हातारे फक्त तुम्हीच आहात. वाढा.’’ सगळे हसले. कमरेचं हाड त्यांच्यापुढे गेलं.

बुरूलकाननं फान साहेबांना विचारलं. बारा जनावरांच्या नावांनी फिरणारी सालं इकडेही आहेत आणि तिकडेही. भाषांतर करणाऱ्या मुलीला अर्धं वाक्यही पुरलं.

‘‘डुक्कर,’’ फान साहेब म्हणाले.

‘‘मीही डुक्कर,’’ आर्कादी फोमिच आपणहून म्हणाले, किर्गिझमध्ये.

‘‘दोघंही?’’ ओमुराली आकेंनी सुरी थांबवली. ‘‘बघा अल्लाची करणी. आम्ही ते खात नाही, पण त्या सालच्यांना जेवू घालतो.’’ तंबू पुन्हा हसला. टीव्हीवाल्याचा कॅमेराही हलला. मग म्हाताऱ्यानं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि बुरूलकानकडे न बघता म्हणाला, ‘‘महिना विचार.’’

तिच्या हातात इस्कंदर साहेबांसाठी भरलेला वाडगा होता. किर्गिझ बाई चहाचा वाडगा हवेत धरून ठेवत नाही. तो लगेच द्यायचा असतो. तेवढ्याच वेळात ते ठरलं. का, हे तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. तिला जिपारचा पाचवा महिना दिसला, वहीतला जानेवारी दिसला, दाराशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होणारा मिर्लानही दिसला. पण वाडगा हातात होता, आणि समोर बसलेले दोघं तिच्या छताखाली जेवायला आले होते. जानेवारीवरून तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं.

‘‘महिन्याचं काय करायचंय, आके?’’ ती म्हणाली. ‘‘एका सालचे आहेत. कुर्दाश आहेत.’’

आणि वाडगा इस्कंदर साहेबांना दिला.

कुर्दाश म्हणजे एका सालचे, एका वयाचे. त्यांच्यात मोठा-लहान नसतो. एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं कापायचं, मग हात बदलायचे. म्हातारा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, त्यानं खांदे उडवले, आणि डोकं दोघांच्या बरोबर मध्ये ठेवलं. भाषांतर करणाऱ्या मुलीनं समजावलं. फान साहेबांचा चेहरा उजळला. आर्कादी फोमिचनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. कॅमेऱ्याला हवं होतं ते मिळालं. दारातला मिर्लान भिंतीच्या काठीला टेकला, दिवसात पहिल्यांदा.

स्टेशन गेलं, हे बुरूलकानला त्याच वेळी कळलं. तिनं रिकामे वाडगे गोळा केले.

आता एवढ्यावर थांबलं असतं तर ती दुपार गोड झाली असती. पण रीत अर्धी पाळता येत नाही. कुर्दाश एकत्र बसले की त्यांनी एकमेकांची टर उडवायची असते, पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, तोंडावर, जितकी झणझणीत तितकी चांगली, आणि ऐकणाऱ्यानं हसून परत टोला द्यायचा. न बोलणारे कुर्दाश म्हणजे पोटात काहीतरी ठेवून बसलेले.

‘‘कुर्दाश बसलेत आणि टोमणा नाही?’’ ओमुराली आके म्हणाले. ‘‘मीठ टाकायचं राहिलं की काय?’’

आर्कादी फोमिचना ही रीत ठाऊक होती. त्यांनी आपली चार बोटं ताटाच्या काठावर जुळवून ठेवली.

‘‘कुर्दाश, तुमचं सगळं चांगलं. पण तुमची वाट एवढी अरुंद. या जेवणानंतर तुम्ही तरी मावाल का तिच्यावर?’’

हशा झाला. मुलीनं भाषांतर केलं. फान साहेबांनी आपल्या सपाट पोटावर हात ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं काही म्हणाले.

‘‘साहेब म्हणतात, मी मावेन,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आणि ते म्हणतात, सकाळी मी कुर्दाशच्या वाटेवरून चालून आलो. फार छान, रुंद वाट आहे. तिच्यावर मेंढ्या झोपल्या होत्या.’’

तंबूत हास्याचा फवारा उडाला. सगळ्यांत मोठ्यानं हसलं ते गाव, कारण तीस वर्षं त्या मेंढ्या गावच रोज हाकत होतं. ओमुराली आके तर मागे गादीवर कलंडले. आर्कादी फोमिचही हसले. पण त्यांची मान कॉलरच्या वर लाल झाली, आणि बुरूलकानला ती दिसली. टोमण्याचं त्यांना काही नव्हतं. यजमान हसले होते.

‘‘झोपल्या असतील,’’ ते म्हणाले. ‘‘पण मेंढ्या अजून गावाच्याच आहेत ना? तुमची वाट झाली की मग विचारू, कुणाच्या आहेत.’’

भाषांतर करणारी मुलगी थांबली. फान साहेबांनी तिच्याकडे पाहून बोटानं खूण केली, सांग. तिनं सांगितलं, हळू आवाजात, शब्द न शब्द.

रीतीप्रमाणे आता हसायची पाळी होती. कुणी हसलं नाही. गावानं मेंढ्यांचा विचार केला, आणि तो चेहऱ्यावर दिसला. फान साहेबांनी सुरी दस्तरखानावर ठेवली, धार स्वतःकडे करून, फार नीट.

‘‘मांस निवतंय,’’ इस्कंदर साहेब म्हणाले आणि कमरेच्या हाडाकडे वळले.

त्यानंतर सगळं सभ्यपणे झालं. दुवा मागून झाली. दोन्हीकडची माणसं आपापल्या गाड्यांमागे जाऊन फोनवर बोलली. तासाभरानं कळलं की आर्कादी फोमिचना उंची मानवली नाही, डोकं धरलंय. आणि फान साहेबांना वाटतं की मुलींच्या लग्नाच्या बाबतीत आणि रुळांच्या बाबतीत घाई करू नये, बोगद्यांचा मुद्दा एकदा पुन्हा बघावा. घोषणा पुढे ढकलली. टीव्हीवाले वायरी गुंडाळू लागले. त्या संध्याकाळच्या बातम्यांत दोघं एकच डोकं कापताना दिसले, आणि खाली लिहिलं होतं, चर्चा मैत्रीच्या वातावरणात.

गाडीत बसायच्या आधी इस्कंदर साहेब बुरूलकानकडे आले. उरलेलं हाड आणि चार बोरसोक त्यांनी तिच्याकडूनच पिशवीत बांधून घेतले, नातवंडांसाठी. आपला वाटा दस्तरखानावर टाकून जाऊ नये हे त्यांना सांगावं लागलं नाही.

‘‘माझ्यामुळे झालं हे,’’ ती म्हणाली. ‘‘मी चांगलं करायला गेले.’’

‘‘बहीणबाई, मोठी माणसं हाडावरून भांडत नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘भांडायचं ठरलं की हाड शोधतात. तुमचं नसतं तर दुसरं सापडलं असतं. मांस मात्र सुरेख होतं.’’

मिर्लान शेवटच्या गाडीत होता. बुरूलकाननं त्याचा वाटा कापडात बांधून आणला. त्यानं काच खाली केली, कापडाकडे पाहिलं, आणि मान हलवली.

‘‘आता नको, एजे. घशाखाली उतरणार नाही.’’

ती कापड घेऊन तिथंच उभी राहिली. गाड्यांची धूळ भरावावरून पलीकडे गेली. मेंढ्या उठल्या नाहीत.

ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला ट्रक निघाला. सात बायका होत्या. जिपार कडेला बसली, पाय लांब करता यावेत म्हणून. तिच्या नवऱ्यानं ठोकलेल्या फळ्या चांगल्या बसल्या होत्या, तरी तो त्या पुन्हा पुन्हा हलवून बघत राहिला, ट्रक सुटेपर्यंत. बुरूलकाननं तिला लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड दिले, एक मोठा, एक अंगठ्याएवढा. आठ दिवसांनी घाट मिटला.

मुलगा जानेवारीच्या अकराला झाला, ओशला, रीतसर, डॉक्टरच्या हातून. फोनवर त्याचा आवाज ऐकवला. त्याच्या बापानं फोन कानाला घट्ट धरला आणि मग परत दिला. वहीत काही लिहायचं नव्हतं. नोंद ओशची.

मिर्लानचा फोन फेब्रुवारीत आला. शाळेमागच्या टेकाडावरच आवाज नीट येतो, म्हणून बुरूलकान शाल गुंडाळून तिथं गेली. गुडघाभर बर्फ होतं.

‘‘जमलं, एजे,’’ तो म्हणाला. आवाज थकलेला होता, पण खोडकर. ‘‘म्हणजे जमलं नाही, असं जमलं. कुणीच मागे हटेना. शेवटी कागदावर लिहिलं : पूर्वेकडून तुमच्यापर्यंत त्यांचं माप, तुमच्यापासून पश्चिमेला जुनं माप. चार बोटं तुमच्या दारात आली. चाकं तेरेकबेलला बदलणार.’’

खाली गावात धुरांडी सरळ धूर सोडत होती.

‘‘स्टेशन?’’

‘‘स्टेशन, कामगारांची घरं, दवाखाना. खाटा बारा. नकाशात मी स्वतः बघितल्या. आता दहा वर्षं तरी लागतील. तुम्हाला माहितीये आपलं.’’

‘‘तुझं काय?’’

‘‘मला कागदपत्रांच्या दालनात बसवलंय. छान ऊब आहे. पाहुणे येत नाहीत.’’ मग तो म्हणाला, ‘‘एजे, एक विचारू? यादी परातीपाशी ठेवली तेव्हा तुम्ही महिने वाचले होते ना?’’

‘‘वाचले होते.’’

‘‘मी दारात उभा होतो. म्हाताऱ्यानं महिना विचार म्हटलं तेव्हा मला वाटलं, संपलं. तुम्हाला फक्त विचारायचं होतं.’’

‘‘विचारलं असतं तरी हेच झालं असतं.’’

‘‘तेच म्हणतोय. मग विचारलं का नाहीत?’’

बुरूलकाननं शालीचं टोक तोंडावरून खाली ओढलं. श्वासाचं दव तिच्यावर गोठून टोक कडक झालं होतं.

‘‘तू जेवलायस का?’’

‘‘हे उत्तर झालं का?’’

‘‘त्या दिवशी तू न जेवता गेलास. तुझा वाटा जिपारनं खाल्ला, तिला भूक फार लागायची. पण हिवाळ्याच्या मेंढीतला नवा बाजूला काढलाय, कमरेचं हाड. ओमुराली आके म्हणाले, एवढ्या लहान माणसाला कमरेचं? मी म्हटलं, असू द्या.’’

पलीकडून हसल्याचा आवाज आला. ‘‘तो मेपर्यंत टिकेल?’’

‘‘बर्फात पुरलाय,’’ ती म्हणाली. ‘‘वर फळी ठेवलीय, कुत्री नेतात. घाट उघडला की ट्रकबरोबर ये. पोराला बघशील. आमच्याबरोबरच बघशील, पहिल्यांदा.’’